नांग्या

मोलगीत पोलिस भरतीची तयारी करणारी पोरं ओळखायला फार वेळ लागत नाही. देवगोईचा घाट चढून दिवसाची पहिली क्रूझर वर येण्याआधीच ती रस्त्याच्या कडेने धावत असतात. एकाच्या हातात वेळ लावायला मोबाइल, दोघा-तिघांच्या पायांत बूट, बाकीच्यांच्या पायांत जे असेल ते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. शिवाय १०० मीटरची धाव आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. सातपुड्याच्या या कोपऱ्यात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात.

त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. गोष्टच आहे, तेव्हा तिला नाव न देता सांगितली तरी चालेल. मोलगीच्या खाली, ओढ्याकाठी तिचा पाडा. पाड्यातली बारावी झालेली ती पहिली मुलगी. घरात याहा म्हणजे आई, बाप, धाकटा भाऊ आणि म्हातारा आजा.

तिच्या डोक्यात भरतीचं पक्कं झालं ते काठीच्या होळीत. काठीची राजवाडी होळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही, तरी थोडं सांगतो. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री डोंगरातल्या पाड्यापाड्यांतून माणसं उतरतात. उंच बांबू उभा करतात, त्याचा खड्डा हातांनी उकरतात. रात्रभर ढोल वाजत राहतो आणि होळी पेटते ती पहाटे. ज्यांचा नवस असतो ते डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरं-भोपळे बांधून नाचतात. हा थाट चढवण्याआधी त्यांना पालनी पाळावी लागते. तेवढे दिवस खाटेवर झोपायचं नाही, पायांत काही घालायचं नाही, बायकोपासून लांब राहायचं. त्या वर्षी तिच्या काकाची पालनी होती. एरवी सकाळी उठवता उठवता घर दमायचं असा हा काका त्या दिवसांत कोंबड्याच्याही आधी उठत होता.

पहाटे होळीच्या उजेडात काकाकडे बघताना तिला वाटलं, याला जमतं तर मला का नाही? काका थोडे दिवस पाळतो. मी वर्षभर पाळीन.

घरी येऊन तिने वहीच्या शेवटच्या पानावर नियम लिहिले. चारला उठायचं. रोज धावायचं. दोन तास अभ्यास, एक तास गणित वेगळं. टपरीवरचा चहा बंद, वडापाव बंद, मोबाइल बंद. रोज इंग्रजीचे दहा शब्द. आणि तळाशी, दोनदा अधोरेखित करून: एकही दिवस चुकणार नाही. कुठल्याशा व्हिडिओत तिने ऐकलं होतं की २१ दिवस एखादी गोष्ट केली की ती अंगवळणी पडते. भिंतीवरच्या कॅलेंडरावर तिने एकविसावा दिवस शोधून त्यावर चांदणी काढली.

पालनीची एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नव्हती. पालनी पाळणारा एकटा नसतो. त्याचं जेवण, त्याचं निजणं, त्याचं वागणं यांवर सगळ्या गावाची नजर असते; आणि होळी झाली की पालनी सुटते. काका दुसऱ्याच आठवड्यात खाटेवर आडवा होऊन घोरत होता आणि त्याने पालनी मोडली असं कुणी म्हटलं नाही. हिच्या नियमांना गाव नव्हतं आणि सुटण्याचा दिवसही नव्हता.

तरी सुरुवात झकास झाली. चांदणीचा दिवस आला, गेला. ती धावत होती. रस्त्यात भेटणारे लोक विचारायला लागले, 'काय मॅडम, कधी घेता वर्दी?'

मग आंबा आला. मोलगीच्या डोंगरात एप्रिल-मे म्हणजे आमचूर. कच्च्या कैऱ्या झाडावरून उतरवायच्या, पाठीवर वाहून आणायच्या, सोलायच्या, कोय सोडून फोडी करायच्या आणि उन्हात पसरायच्या. कडक ऊन मिळालं तर फोड पांढरी राहते आणि बाजारात भाव मिळतो. पाऊस लागला की ती काळी पडते आणि व्यापारी नाक मुरडतो. पावसाळ्याआधी घरात रोकड येण्याची ही मोठी वाट, म्हणून म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळं घर रात्री उशिरापर्यंत कैऱ्या सोलत बसतं. चिकाने बोटांची सालं निघतात, आणि कैरी आणखी चार दिवस थांबायला तयार नसते.

अशाच एका रात्री बारा वाजून गेले. ती पाठ टेकायला गेली आणि डोळे उघडले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं.

दिवस चुकला. तिने स्वतःला शिक्षा दिली. दुसऱ्या दिवशी दुप्पट धावली, वर दुपारचं जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी गुडघा धरला. तरीही लंगडत गेली. मग एका रात्री अवकाळी पाऊस आला. सगळा पाडा टोपल्या आणि ताडपत्र्या घेऊन फोडी गोळा करायला धावला, तीही धावली. त्या रात्री तिची बरीच धाव झाली, पण कॅलेंडरावर ती मोजली जाणार नव्हती. पहाटे ती उठली नाही. त्यानंतर दोन दिवस नाही. मग तिने वहीचं शेवटचं पान फाडलं, चुलीत घातलं आणि स्वतःलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, 'माझ्यात ते नाहीच. मी आळशीच आहे. उगाच लोकांना दाखवत होते.'

मे महिना मोबाइलवर गेला. पूर्वी ती दिवसातून थोडाच वेळ तो बघायची, आता मध्यरात्रीपर्यंत. टपरीचा चहा सुरू झाला आणि त्याच्याबरोबर दोन-दोन वडापावही. तसंही मोडलंच आहे, मग काय उरलं?

या 'मोडलंच आहे'मध्ये किती ताकद असते हे लोकांनी तपासून पाहिलं आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वजनाच्या धास्तीने मोजून खाणाऱ्या काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजलं आणि मग समोर हवं तेवढं आइस्क्रीम ठेवलं. पोट भरलेल्या माणसाने कमी खावं असं आपल्याला वाटतं. या मुलींनी मिल्कशेक न प्यायलेल्या आपल्यासारख्याच मुलींपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. पथ्य मोडलं म्हणजे दिवस बुडाला, आणि बुडालेल्या दिवसात हात कशाला आखडता घ्यायचा, असा तो हिशेब. आपल्याकडे चतुर्थीला चुकून बिस्किट तोंडात टाकलेला माणूस दुपारी भज्यांच्या दुकानात का सापडतो, याचंही उत्तर यातच असावं.

जूनअखेरीस पाऊस लागला. आजाने उतारावरच्या तुकड्यात मका टोकला. आठ-दहा दिवसांनी तो तिला घेऊन शेतावर गेला. त्याच्या हातात खुरपं, तिच्या हातात रात्री भिजवून ठेवलेल्या बियाण्याचं गाडगं. नांग्या, म्हणजे ओळीतल्या न उगवलेल्या जागा, भरायच्या होत्या.

खालचा भाग ठीक उगवला होता. वरच्या अंगाला मात्र पहिल्या जोराच्या पावसात माती वाहून गेली होती, काही दाणे पाखरांनी उकरले होते. ओळीत मध्येमध्ये मोकळी जागा दिसत होती. ती कंटाळूनच आली होती. म्हणाली, 'आजा, हा वरचा तुकडा मोडून टाक. सगळाच फसलाय. नव्याने पेरू.'

आजा ओळीच्या टोकाला उकिडवा बसला. 'सगळा? मोज बरं.'

तिने मोजलं. दहा जागांमागे सात रोपं होती. कुठे आठ, कुठे सहा.

'मग ही सात उपटायची?' आजाने विचारलं.

ती गप्प बसली. खुरप्याने भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, मातीने झाकून हलकेच दाबायचं. दोघं ओळीने सरकत राहिली. बऱ्याच वेळाने आजा म्हणाला, 'तू सकाळी पळायला जात नाहीस हल्ली.'

'मोडलं ते.'

'कधी?'

'आमचुरात.'

'आणि होळीपासून आमचुरापर्यंत जात होतीस, त्याचं काय झालं?'

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसांचा विचारच तिने केला नव्हता. कॅलेंडरावर तिला दिसायची ती फक्त पहिली रिकामी चौकट, आणि तिथून पुढे सगळं रिकामंच.

आजाने मग आपल्या बापाची गोष्ट काढली. तळोद्याकडच्या मोरवडला गुलाम महाराज होते. १९३८ साली तिथे दर सोमवारी आरती व्हायची आणि डोंगरातून, सपाटीवरून हजारोंनी आदिवासी माणसं जमायची. दारू सोडा, रोज अंघोळ करा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्या, एवढंच सांगणं. पण ज्यांना सावकार आणि अंमलदार अरे-तुरेच करत आले होते त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं, ही लहान गोष्ट नव्हती. महाराज त्याच वर्षी जुलैत वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवलं आणि गावोगाव आरती होत राहिली. आजाचा बाप त्या वेळी ऐन विशीत. तोही डोंगर उतरून गेला, हात जोडले आणि दारू सोडून आला.

'मग?'

'मग पुढच्या साली एका लग्नात प्यायला.'

ती हसली. आजाही हसला.

'लाजेने शेतातल्या झोपडीत जाऊन राहिला. आरतीला जाईना, घरी येईना. आता सुटलंच आहे म्हणून तिथेही पीत बसला. एक दिवस शेजारचा म्हातारा आला. काही विचारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाला, सोमवार आहे, चल. बाप उठला आणि त्याच्यामागे गेला.'

'आणि मग कायमची सुटली?'

'कुठली! अजून दोनदा मोडली. मला आठवतं तेव्हापासून मात्र त्याने थेंब घेतला नाही. पण कुणी विचारलं, दारू कधी सोडलीस, तर तो एवढंच म्हणायचा, सोमवारी. कुठल्या सोमवारी, ते त्याने कधी सांगितलं नाही.'

इथे कुणाला वाटेल की म्हातारा मोठा मवाळ होता, नातीला सांभाळून घेत होता. तसं काही नाही. दुपारी पावसाची सर आली तेव्हा ती म्हणाली, उरलेल्या ओळी पुढच्या आठवड्यात भरू. आजाने साफ नाही म्हटलं. नांगी आठ-दहा दिवसांतच भरावी लागते. उशीर झाला तर शेजारची रोपं वर निघून जातात, त्यांच्या सावलीत नवं रोप खुरटतं, आणि तोवर मोकळ्या जागेत गवत माजतं. संध्याकाळपर्यंत त्याने तिला भिजत काम करायला लावलं. एकही ओळ सोडली नाही, आणि दिवसभरात कुठल्याच मोकळ्या जागेला शिवीही दिली नाही. मला या म्हाताऱ्यात आवडतं ते हे. आपण नेमकं उलटं करतो. चुकलेल्या दिवसाला लाखोली वाहतो आणि भरायचं काम मात्र सोमवारवर, एक तारखेवर, गुढीपाडव्यावर ढकलतो.

अभ्यासकांनीही जवळपास आजाचीच बाजू घेतली आहे. २१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तेवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. चहा सोडण्याशी किंवा पहाटे धावण्याशी त्याचा संबंध लोकांनी पुढे जोडला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. सवय जडायला सरासरी ६६ दिवस लागत होते. कुणाला १८, आणि जो वेग दिसला त्यावरून कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नव्हता. कॅनडात २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर परीक्षेला बसणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवावा. पहिल्या परीक्षेच्या वेळी ज्यांनी टाळाटाळ केली आणि मग त्याबद्दल स्वतःला माफ केलं, त्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ कमी केली. स्वतःला कोसत राहिलेल्यांना ते तितकं जमलं नाही. आपल्या घरांतून, शाळांतून आणि बहुतेक भरती अकादम्यांतून मात्र याच्या उलट शिकवण मिळते. स्वतःला जितकं टोचाल तितके पळाल, असं समजलं जातं. गुडघा धरेपर्यंत तीही पळालीच होती की.

आजाच्या गोष्टीने तिच्यात दुसऱ्या दिवशी काही चमत्कार झाला नाही. चार-पाच दिवस ती नुसती विचारच करत राहिली. मग एका संध्याकाळी धाकटा भाऊ रडवेला होऊन आला. आठवडाभर शाळेत गेला नव्हता, गुरं राखत होता, आणि आता वाचनात मागे पडल्याने वर्गात जायला लाजत होता. ती त्याला म्हणाली, 'एवढंच ना? तू काय मुद्दाम नाही गेलास. आज माझ्याजवळ एक पान वाच, उद्या जा.' पोरगा डोळे पुसून पुस्तक घेऊन बसला. तो अडखळत वाचत असताना तिच्या मनात आलं, हेच मी केलं असतं तर मी स्वतःला काय म्हणाले असते? तिला आपले चुलीजवळचे शब्द आठवले. तसं ती भावाला कधीच बोलली नसती. आणि बोलली असती तर तो शाळेत गेलाही नसता.

नवे नियम तिने वहीत लिहिलेच नाहीत. चारचा गजर काढून टाकला. पहाटे पाणी भरायला जावं लागतंच. तेव्हा हंडे घरात ठेवले की परत आत बसायचं नाही, तसंच रस्त्याला लागायचं आणि फरशी पुलापर्यंत धावून यायचं, एवढं ठरवलं. ज्या दिवशी शेतात काम जास्त, त्या दिवशी फक्त पुलापर्यंत चालत जायचं, पण जायचं. चहा पुन्हा सुरू झाला होता तो सुरूच राहिला. चहाने ८०० मीटर अडत नाहीत, हे तिला एव्हाना कळलं होतं. इंग्रजीचे दहा शब्द तीनवर आले. कॅलेंडरावर ती धावल्याच्या दिवशी टिंब देऊ लागली, आणि खंड पडून पुन्हा गेलेल्या दिवशी लाल गोल. भादव्यात ताप येऊन आठवडा गेला, तेव्हाही पुढे एक लाल गोल आला. दिवाळीपर्यंत असे बरेच लाल गोल झाले होते, आणि तिला त्यांचा थोडा अभिमानच वाटायला लागला होता.

पुढच्या भरतीत ती नंदुरबारला मैदानावर उतरली. अशा गोष्टींच्या शेवटी मुलीच्या अंगावर वर्दी चढते. मलाही ती चढवता आली असती. पण जागा मोजक्या असतात आणि धावणाऱ्या मुली पुष्कळ. ८०० मीटर तिने आयुष्यात सगळ्यांत कमी वेळात पार केले, गोळा मात्र हवा तिथे पडला नाही, आणि अंतिम यादीत तिचं नाव आलं नाही. परतीच्या क्रूझरमध्ये ती घाटभर रडली. घरी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. याहाने भाकर पुढे ठेवली, तीही तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी पाणी भरून हंडे ठेवले आणि ती धावायला गेली. गोळा कमी पडला होता, तेव्हा आता सकाळची धाव थोडी आखडून गोळ्याला वेळ द्यायचा, हे तिने पुलापर्यंत पोचता पोचता ठरवून टाकलं. स्वतःला शिव्या देण्यात वेळ गेला असता तर हे इतक्या लवकर सुचलं नसतं, असं मला आपलं वाटतं.

हळूहळू तिच्यामागे आसपासच्या पाड्यांतल्या चार-सहा मुली यायला लागल्या. त्यांचा एकच नियम होता: गैरहजर राहिलेलीला 'का आली नाहीस' असं विचारायचं नाही. एका मुलीने मात्र दुसराच हिशेब केला. घरचे ऊसतोडीला गुजरातेत गेले, तीही त्यांच्याबरोबर गेली आणि दोन महिने आलीच नाही. परतल्यावर ती मैदानाच्या कडेला बाभळीखाली उभी राहायची, बाकीच्यांना बघायची आणि निघून जायची. असे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी ही चार किलोचा गोळा घेऊन थेट बाभळीखाली गेली.

'सगळं गेलं माझं,' ती मुलगी म्हणाली. 'पहिल्यापासून करावं लागेल.'

'किती लांब जात होता तुझा, ऊसतोडीच्या आधी?'

तिने सांगितलं.

'मग पहिल्यापासून कसं? धर हा. हाताला लावून बघ, कुठवर जातो ते. तुझ्यानंतर माझी पाळी आहे, उशीर करू नको.'